‘फ्रेश’ म्हणजे नक्की काय नसलेलं?

सातरस्ता_सोलापूर

माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र आहे, कॉलेजपासून चार पावलांवर. शिष्यवृत्तीचा हंगाम सुरू झाला की ‘फ्रेश’ या एका शब्दावरून रोज हुज्जत. पोर्टल विचारतं, फ्रेश की रिन्यूअल? दुसऱ्या वर्षाला गेलेलं पोरगं ठासून सांगतं, ‘काका, फ्रेशच टाका, यंदाचा नवीन फॉर्म आहे की.’ त्याच्या बाजूनं बघितलं तर चूक काय? वर्ष नवं, वर्ग नवा, फॉर्म नवा. पण पोर्टलच्या लेखी फ्रेश म्हणजे ह्या योजनेत पहिल्यांदाच येणारा. मागच्या वर्षी ज्याला मिळाली तो रिन्यूअलवाला. तिथं चूक झाली की अर्ज अडकतो आणि बाप येऊन माझ्याशी भांडतो.

पासपोर्टचंही तसंच. संपला, हरवला, पत्ता बदलला तर री-इश्यू. फ्रेश फक्त ज्यानं कधीच काढलेला नाही त्याला. त्यामुळे हजला निघालेले सत्तरीचे चाचा फ्रेश, आणि त्यांच्यासोबत आलेला पंचविशीतला नातू, ज्याचा दुसरा पासपोर्ट आहे, तो फ्रेश नाही. चाचा हे ऐकून जाम खूश झाले.

यावरून माझ्या डोक्यात एक खूळ बसलंय. हा शब्द एकटा काहीच बोलत नाही. त्याच्या समोर कोण उभं आहे ते कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. फॉर्ममध्ये समोर रिन्यूअल, भाजीत समोर शिळं, नोकरीत समोर अनुभवी. शेअर बाजारातसुद्धा ‘फ्रेश इश्यू’ म्हणजे पैसा कंपनीत जाणार, आणि त्याच्या समोर ‘ऑफर फॉर सेल’, म्हणजे जुने मालक आपले शेअर विकून पैसे घेऊन जाणार. तुमच्या तुमच्या धंद्यात फ्रेशच्या समोर कोण उभं असतं ते सांगा. डिक्शनरी चिकटवू नका, ती माझ्याकडेही आहे.

शिळोप्या

फ्रेश धागा दिसला म्हणून आलो. थांबा, फ्रेश होऊन येतो.

शिळोप्या

आलो. आता गंभीरपणे. पुण्याहून येताना भिगवणच्या पुढं गाडी थांबली की कंडक्टर ओरडतो, ‘दहा मिनिटं थांबेल, कुणाला फ्रेश व्हायचं असेल तर होऊन घ्या.’ ह्यात ताजेपणाचा काय संबंध आहे बे? त्या ढाब्याच्या मागच्या बाजूला जाऊन आजवर कुणीही ताजंतवानं होऊन आलेलं मी पाहिलेलं नाही. पण सगळ्यांना कळतं. पाहुणा घरी आला की त्यालाही हेच म्हणायचं, म्हणजे हात-पाय-तोंड धुण्यापासून पुढचं सगळं एका शब्दात झाकलं जातं. आमची आजी सरळ विचारायची, ‘बाहेर जाऊन आलास का?’ आता सुनेच्या माहेरच्यांना असं कोण विचारणार?

मागवाला

सातरस्ता मालक, धागा बरोबर गावात काढला.

आमचं पूर्व भागात चादर-टॉवेलचं काम आहे, आजोबांपासून. घरी आम्ही तेलुगू बोलतो, कामगारांत कन्नड, मराठी, दखनी सगळं चालतं, पण फ्रेश आणि सेकंड हे दोन शब्द सगळ्यांचे सारखेच. आमच्याकडे फ्रेश म्हणजे निर्दोष. बास. कधी विणली त्याच्याशी देणंघेणं नाही. आज सकाळी मागावरून उतरलेली चादर संध्याकाळी सेकंडमध्ये जाऊ शकते, आणि गोदामात दोन वर्षं बांधून पडलेला गठ्ठा उघडला तरी तो फ्रेशच असतो.

कसं ठरतं ते सांगतो. चादर टेबलावर पसरतात आणि तपासणारा माणूस वरून खाली नजर फिरवतो. उभा धागा तुटून तसाच पुढं गेला असेल तर बारीक उभी रेघ दिसते. आडवा धागा चुकला तर पट्टा येतो, नक्षी तिथं एक घर सरकल्यासारखी वाटते. मोर असेल तर मोराची मान तुटते. तेलाचा डाग, गाठ, किनार खाल्लेली. बारीक दोष असेल तर सुईनं भरून काढतात आणि माल फ्रेशमध्ये बसतो. नाही निघाला तर सेकंड, आणि सेकंड वजनावर जातो. त्याच्याही खाली फेंट म्हणजे तुकडे, आणि शेवटी चिंधी. ही भाषा मिलच्या काळातली आहे. मिली बंद पडल्या, शब्द आमच्याकडे राहिले.

बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं, विचारतं, ‘फ्रेश माल आहे का?’ त्याला म्हणायचं असतं, नवीन आलेला. माझा पोरगा सांगतो, ‘सगळा फ्रेशच आहे, दोन वर्षांपूर्वीचा.’ गिऱ्हाईक निघून जातं. पोराला समजावून दमलो.

अक्षरशत्रू

सगळं वाचून मजा आली, पण मूळ दुखणं असं की आपण एका इंग्रजी शब्दाच्या अंगावर दहा मराठी शब्दांचं ओझं टाकलंय. आपल्याकडे प्रत्येक ‘समोरच्या’साठी वेगळा शब्द आधीपासून आहे. शिळ्यासमोर ताजा. सुक्यासमोर ओला: ओलं खोबरं, ओल्या शेंगा, ओली हळद. जूनसमोर कोवळा. वापरलेल्यासमोर कोरा, म्हणून नोटा कोऱ्या करकरीत. खाऱ्यासमोर गोडं पाणी. दमलेल्या फौजेच्या मदतीला येते ती ताज्या दमाची फौज. इंग्रजीत हे सगळं फ्रेश. फ्रेश कोकोनट, फ्रेश नोट्स, फ्रेश वॉटर, फ्रेश ट्रूप्स. म्हणजे सातरस्ता यांचं म्हणणं इंग्रजीला लागू आहे. मराठीला त्याची गरजच नव्हती, कारण मराठीत समोर कोण आहे ते शब्दातच कळतं. ‘ओली बाळंतीण’ म्हटलं की काय ते एका फटक्यात समजतं.

शिळोप्या

मग ‘फ्रेश होऊन घ्या’ला काय म्हणू? कोरे होऊन घ्या?

दूधकाट्यावरचा

ओल्या बाळंतिणीवरून आठवलं. डेअरीच्या ट्रेनिंगला गेलो होतो, तिथल्या इंग्रजी पुस्तकात ‘फ्रेश काऊ’ होतं. आमच्या गटातल्या एकानं अर्थ लावला, बाजारातून नवीन आणलेली गाय. तसं नाही. फ्रेश काऊ म्हणजे नुकती व्यालेली, दुधावर आलेली. समोर कोण, तर आटलेली, त्यांची ‘ड्राय’. म्हणजे इंग्रजीतही तिथं ओलं-सुकंच आहे बघा. आणि तीच गाय पुढच्या वेताला परत फ्रेश होते. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला सांगा म्हणावं.

बोटीवरचा

मी मर्चंट नेव्हीत, घर जुळे सोलापूर. आमच्याकडे फ्रेशच्या समोर एकच गोष्ट उभी असते, ती म्हणजे समुद्र.

जहाजावर फ्रेश वॉटर म्हणजे खारं नसलेलं पाणी. ते टाकीत महिनाभर का पडलेलं असेना. लांबच्या प्रवासात ते आम्ही बनवतोही. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची उष्णता वापरायची, आतला दाब कमी ठेवायचा म्हणजे समुद्राचं पाणी कमी तापमानालाच उकळतं, आणि वाफ थंड करून पाणी मिळवायचं. त्या पाण्याला चव अशी नसते. पहिल्यांदा प्यायल्यावर कुणीही फ्रेश म्हणणार नाही.

त्याहून गंमत जहाजाच्या बाहेरच्या अंगावर असते. माल किती भरायचा याच्या आडव्या रेघा रंगवलेल्या असतात, प्रत्येकीपुढं अक्षर. ‘एस’ उन्हाळ्याची, ‘डब्ल्यू’ हिवाळ्याची, आणि ‘एफ’ फ्रेशची. गोडं पाणी हलकं, घनमीटरला १००० किलो. समुद्राचं साधारण १०२५. त्यामुळे तेवढ्याच मालाचं जहाज नदीत जास्त बुडतं. म्हणून एफची रेघ एसच्या वर असते. नदीतल्या बंदरात तिथपर्यंत भरलं तरी समुद्रात आल्यावर जहाज आपोआप वर उचललं जातं.

वाऱ्यालाही फ्रेश म्हणतात. बोफर्ट मापात पाचव्या नंबरला फ्रेश ब्रीझ, ताशी २९ ते ३८ किलोमीटर, जमिनीवर लहान झाडं डुलायला लागतात. आठव्या नंबरच्या वादळी वाऱ्याचं जुनं नाव तर फ्रेश गेल, ६२ ते ७४. तिथं फ्रेशचा अर्थ सरळ जोरदार. थंड असायला पाहिजे असं काही नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४३ अंशाची झळ ताशी ३५ नं अंगावर आली तर ती कागदोपत्री फ्रेश ब्रीझच.

सातरस्ता_सोलापूर

एफच्या रेघेची माहिती एक नंबर! पण वाऱ्याच्या समोर कोण उभं आहे? माझं खूळ इथं अडतं की काय?

बोटीवरचा

मंद वारा उभा आहे की. खालच्या नंबरांना लाइट, जेंटल, मॉडरेट अशी नावं आहेत.

पाणीवाली_वहिनी

खारं-गोडं तुमच्या जहाजावर ठेवा. सोलापुरात पाण्याला ताजं म्हटलं की समोर फक्त कालचं पाणी असतं. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो. आला की पहिलं काम, हंडे-कळश्या उपड्या करायच्या, शिळं पाणी झाडांना आणि फरशीला, ताजं पाणी पिण्याला. उजनीतून शंभरेक किलोमीटर पाइपातून आलेलं, त्याआधी धरणात कित्येक महिने साठलेलं पाणी. पण माझ्या हंड्यात ते आज पडलं म्हणून ताजं. पुण्याची जाऊ हसते, ‘पाणी कधी शिळं होतं का गं?’ तिला म्हटलं, तुझ्या नळाला एकदा पाच दिवसांची सुट्टी दे, मग सांग.

बोटीवरच्या भाऊंच्या हिशोबानं माझं शिळं पाणीही फ्रेशच म्हणायचं. नाही पटत.

मागवाला

वहिनी +१. आणि नळ रात्री दोनला आला तर त्या पाण्याइतकं फ्रेश जगात काही नाही, आपण मात्र शिळे.

ह्यूस्टनकर

अक्षरशत्रूंच्या प्रतिसादात एक भर. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फेर्श’ असा होता आणि त्याचा अर्थ बिनमिठाचं, खारं नसलेलं, मुख्यतः पाण्याबद्दल. ताजं, टवटवीत हा अर्थ ठळक झाला तो पुढं, फ्रेंचमधून हाच शब्द परत येऊन मिसळल्यावर. त्या फ्रेंच शब्दाचं मूळही जर्मन घराण्यातलंच. म्हणजे बोटीवरचे भाऊ सगळ्यात जुन्या अर्थाला धरून आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रेश म्हणजे मुळात अळणी. इटालियन ‘फ्रेस्को’ त्याच कुटुंबातला. ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र. परत ओला आलाच.

आता इशारा. इकडे नव्यानं येणाऱ्या पोरांना मी आवर्जून सांगतो, ‘आय विल गेट फ्रेश अँड कम’ म्हणू नका. अमेरिकेत कुणाशी ‘गेट फ्रेश’ करणं म्हणजे अंगचटीला जाणं, आगाऊपणा करणं. हात-तोंड धुण्याला ते ‘फ्रेशन अप’ म्हणतात. एका ‘अप’वर अब्रू टांगलेली आहे. आणि दुकानदार ‘वी आर फ्रेश आउट ऑफ मिल्क’ म्हणाला तर आनंदानं पिशवी पुढं करू नका, दूध नुकतंच संपलंय असं तो सांगतोय.

अक्षरशत्रू

हे घ्या. अंगचटीला जाण्याच्या समोर कोण उभं आहे, सातरस्ता? तुमच्या नियमात हा अर्थ कुठं बसतो?

सातरस्ता_सोलापूर

समोर उभी असलेली बाई, आणि तिच्या हातात चप्पल.

ह्यूस्टनकर

हा हा. पण सातरस्तांना सूट देता येईल. हा आगाऊपणाचा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आला आणि बहुधा जर्मन लोकांच्या ‘फ्रेख’ या शब्दावरून आला. फ्रेख म्हणजे उद्धट. आवाज जवळचा म्हणून तो फ्रेशच्या घरात घुसला. तेव्हा तो ह्या कुटुंबातला नाहीच, भाडेकरू आहे.

अक्षरशत्रू

भाडेकरू चालेल. पण ‘आज फ्रेश वाटतंय’चं काय? तिथं समोर मरगळ आहे, थकवा आहे, जागरण आहे, की नुसताच कालचा दिवस? माझ्या मते तिथं समोर कोणीच नसतं. माणूस नुसता बरा असतो.

भाकरीताई

आमचा बचत गट आहे, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. लेबल छापायला गेलो तर छपाईवाल्यानं न विचारता वर मोठ्या अक्षरात ‘फ्रेश’ टाकलं. म्हणाला, ‘ताई, सगळे टाकतात.’ आमच्या मुलीनं वाचून काढलं तर कळलं की अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. फ्रेश शब्द साधारण अशा मालाला, ज्यावर धुणं, सोलणं, कापणं, गार ठेवणं याच्यापलीकडे फारशी प्रक्रिया झालेली नाही. आणि प्रक्रियेमुळे माल जास्त दिवस टिकायला लागला तर तो शब्द वापरता येत नाही. आता कडक भाकरीचा सगळा जन्मच टिकण्यासाठी! ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पार कडक होऊस्तोवर शेकायची. पाणी गेलं की महिना-दोन महिने काही होत नाही. मग काढला तो शब्द.

पण गिऱ्हाईक विचारतंच, ‘फ्रेश आहेत ना?’ तिला विचारायचं असतं, सादळलेल्या नाहीत ना. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की सादळतात, कडक म्हणून घ्यायच्या आणि चामट निघायच्या. चटणीच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला की अर्थ वेगळा, खवट नाही ना. शेंगदाण्याचं तेल आहे, जुनी झाली की वास मारते. एकाच पिशवीत दोन वस्तू, एकच शब्द, आणि मला दोन वेगळी उत्तरं द्यावी लागतात. भाकरी मोडून आवाज ऐकवते, चटणी हुंगायला देते.

ह्यूस्टनकर

ताई, इकडेही असाच घोळ होता. दगडासारखी गोठलेली कोंबडी फ्रेश म्हणून विकायचे. शेवटी १९९७ मध्ये नियम आला. कोंबडी कधीही २६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण उणे ३ सेल्सिअसच्या खाली गेली असेल तर तिच्यावर फ्रेश लिहायचं नाही. कापून किती दिवस झाले हे त्या शब्दात येतच नाही.

हुरडेवाला

मंगळवेढ्याकडचा आहे. हायवेला पाट्या लागतात, ‘फ्रेश हुरडा’. अहो, आज सकाळी मोडलेलं कणीसही जून असलं तर त्याचा हुरडा होत नाही. दाणा दुधातून नुकता भरत आलेला पाहिजे. आगटीत भाजून हातावर चोळला की हिरवा दाणा मऊ, गोडसर सुटतो. चार-आठ दिवस उशीर झाला की संपलं, मग ती नुसती ज्वारी. म्हणून आमच्यात ताजा का हे कुणी विचारत नाही, कोवळा का विचारतात. अक्षरशत्रू बरोबर बोलतात. बाकी पाटीवर ‘कोवळा’ लिहिलं तर पुण्याच्या गाड्या थांबतील का, हे बघायचं आहे.

दीड_वर्ष_फ्रेशर

मी इंजिनिअर. नावावरून कळलंच असेल. पास होऊन दीड वर्ष झालं, अजून रेझ्युमेवर फ्रेशर. हिंजवडीत मुलाखतीला गेलो की म्हणतात, ‘गॅप आहे.’ अनुभवी नाही म्हणून फ्रेशर आणि फ्रेश नाही म्हणून बाद. माझ्या समोर दोन्ही बाजूंनी माणसं उभी आहेत.

मागवाला

बाळा, तू गोदामातला गठ्ठा आहेस. दोष नाही ना? मग फ्रेश.

शिळोप्या

एक विचारायचं राहिलं. आपल्या सोलापुरातली नवी पेठ किती जुनी आहे? आमचे आजोबाही तिला नवी पेठच म्हणायचे. आणि जिला आज सगळे ‘जुनी मिल’ म्हणतात ती सुरू झाली तेव्हा नवी कोरी असणार की. ‘न्यू’ एकदा चिकटलं की निघत नाही, कालबाह्य झालं तरी पाटीवर राहतं. फ्रेशचं तसं नाही. ‘फ्रेश पेठ’ म्हणून बघा, संध्याकाळपर्यंत नाव बदलावं लागेल.

सातरस्ता_सोलापूर

हे पटलं. आज केंद्रात एक प्रयोग केला. ‘फ्रेश की रिन्यूअल’ विचारायचं बंद करून विचारलं, ‘मागच्या वर्षी पैसे खात्यात आले होते का?’ एकाही पोरानं हुज्जत घातली नाही. अक्षरशत्रू, तुमच्या ‘बरा माणूस’ला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो तुमचा.

पाणीवाली_वहिनी

मागवाला भाऊ, अवांतर विचारते. दिराच्या मुलीचं लग्न आहे, आहेराला टॉवेल आणि दोन चादरी घ्यायच्यात. दुकानात उभ्या उभ्या फ्रेश आणि सेकंड कसं ओळखायचं? मला सगळ्या सारख्याच दिसतात.

मागवाला

वहिनी, घडी उघडल्याशिवाय घेऊ नका. दोष बऱ्याचदा घडीच्या आत जातो. चादर दोन्ही हातांनी उजेडासमोर धरा, उभी रेघ असेल तर लगेच दिसेल. मग पालथी करून मागची बाजू बघा, भरून काढलेली जागा तिथं कळते. दोन्ही किनारी बोटांत धरून टोकापर्यंत सरकवा, खाल्लेली असली तर बोटाला लागते. टॉवेलचा फासा, म्हणजे वर उभा असलेला धाग्याचा वेढा, ओढला गेलाय का तेवढं बघा. आणि सेकंडला नाक मुरडू नका. आहेराला फ्रेश घ्या, घरात वापरायला सेकंड. किलोवर घेतली तर निम्म्यात काम होतं.

पाणीवाली_वहिनी

नक्षीत मोर असला तर?

मागवाला

आधी मान बघा.